गाडीवरचे नंबर वाचा, मगच हवा भरा: चेसिस नंबरपासून टीपीएमएसपर्यंत सगळी प्रोसेस

पंपावरचा पोरगा विचारतो "किती टाकू?", आणि आपण म्हणतो "टाक पस्तीस", किंवा त्याहून वाईट म्हणजे "तूच बघ रे किती लागते ते". मग तो मागच्या गाडीला जेवढी भरली तेवढीच आपल्यालाही भरतो. हा आकडा अंदाजाने ठरवायचा नसतो, तो गाडीवर छापलेला असतो. गडबड अशी होते की गाडीवर आणि टायरवर मिळून इतके नंबर असतात की लोक भलताच नंबर वाचतात, किंवा बरोबर नंबर वाचून चुकीच्या वेळी हवा मोजतात, आणि मग टीपीएमएसचा (टायरची हवा कमी झाली की इशारा देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागला की सेन्सरला शिव्या देतात. म्हणून खालचा क्रम पाळा: आधी गाडी ओळखा, मग स्टिकर, मग टायर, मग मोजणी, आणि भरणं सगळ्यात शेवटी.

तयारी: काय काय जवळ ठेवायचं

- स्वतःचं प्रेशर गेज. पेनासारखं असो की डिजिटल, पण दर वेळी तेच एक वापरायचं.
- १२ व्होल्टचा छोटा इन्फ्लेटर, म्हणजे हवा भरायचं मशीन. असलाच पाहिजे असं नाही, पण असला तर अर्धी कटकट कमी होते.
- आरसी (कार्ड किंवा डिजिलॉकरमधली), मोबाईलचा टॉर्च, एक फडकं.
- स्प्रेच्या बाटलीत साबणाचं पाणी.
- दोन-चार जास्तीच्या व्हॉल्व्ह कॅप, कारण एक तरी गटारात जातेच.

वेळ सकाळची, गाडी रात्रभर उभी राहिलेली असताना. दुपारी उन्हात पार्क केलेल्या गाडीवर हे करायला जाऊ नका, का ते चौथ्या टप्प्यात येईलच.

टप्पा १: गाडी नक्की कुठली आहे ते ठरवा

तुम्ही म्हणाल माझी गाडी मला माहीत नाही का? मॉडेल माहीत असतं, पण व्हेरिएंट आणि बनवल्याचा महिना बहुतेकांना सांगता येत नाही, आणि सेकंड हँड गाडी असेल तर विचारूच नका. एकाच मॉडेलच्या खालच्या व्हेरिएंटला १४ इंची चाक आणि वरच्याला १५ किंवा १६ इंची असं सर्रास असतं, आणि साइझ बदलली की हवेचा आकडाही बदलू शकतो. सीएनजी व्हेरिएंटला मागच्या टायरचा आकडा वेगळा असू शकतो. कंपनीचा टीपीएमएस सेन्सर मागवायला गेलात तर पार्ट्सच्या काउंटरवर पहिला प्रश्न चेसिस नंबरचाच येतो.

चेसिस नंबर १७ अक्षर-आकड्यांचा असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही तीन इंग्रजी अक्षरं कधीच नसतात, एक आणि शून्याशी गोंधळ होऊ नये म्हणून. त्यामुळे कुठे "ओ" दिसला तर तो शून्य आहे, तसाच लिहा. इन्शुरन्सच्या फॉर्मवर इथेच घोळ होतो आणि मग क्लेमच्या वेळी धावपळ.

पहिली तीन अक्षरं बनवणाऱ्याची. एमए३ म्हणजे मारुती सुझुकी, एमएटी म्हणजे टाटा, एमएएल म्हणजे ह्युंदाई, एमए१ महिंद्रा. पुढे मॉडेल, इंजिन वगैरेचे कोड आणि शेवटी गाडीचा अनुक्रमांक. बऱ्याच कंपन्या दहाव्या जागी वर्षाचं अक्षर ठेवतात: २०१८ ला जे, २०१९ ला के, २०२० ला एल, २०२१ ला एम, २०२२ ला एन, मग ओ वगळून २०२३ ला पी, क्यू वगळून २०२४ ला आर. पण सगळ्याच कंपन्या ही जागा पाळतात असं नाही, काहीजण महिन्याचं अक्षरही घालतात, म्हणून अक्षरावरून अंदाज बांधा आणि नक्की तारीख आरसीवर "बनवल्याचा महिना-वर्ष" असं असतं तिथून घ्या.

नंबर सापडतो कुठे? बॉनेट उघडल्यावर केबिनकडच्या पत्र्यावर ठोकलेला, नाहीतर पुढच्या सीटखाली कार्पेटला कापलेली छोटी झडप असते तिच्या आत. शिवाय एक छापील प्लेट किंवा स्टिकर दाराच्या खांबावर नाहीतर बॉनेटखाली. पत्र्यात ठोकलेला नंबर खरा मानायचा, प्लेट काय, काढून दुसरी लावता येते.

१७ अक्षरं डोळ्यांनी वाचण्यापेक्षा आरटीओ एजंट करतात तसा चेसिस प्रिंट काढा. नंबर फडक्याने पुसायचा, त्यावर पातळ कागद दाबून धरायचा आणि पेन्सिल आडवी घासायची, आकडे कागदावर उमटतात. मग तो कागद आरसीशेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवायचं. गाडी नावावर करताना एजंट हा प्रिंट मागतोच, दोन जास्त काढून ठेवा.

> सावधान: अक्षरांची उंची वरखाली, आजूबाजूला ग्राइंडर फिरवल्यासारखे ओरखडे, किंवा तेवढ्याच भागावर ताजा रंग दिसला तर गाडी घेऊ नका. मालक कितीही गोड बोलत असला तरी.

तपासा: ठोकलेला नंबर, प्लेटवरचा नंबर आणि आरसी, तिन्ही सारखे. एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर गाडी नंबर टाकून मॉडेल आणि इंधनही जुळतंय का बघा.

टप्पा २: दारावरचं स्टिकर वाचा, हवेचा आकडा इथेच असतो

ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या कडेवर किंवा मधल्या खांबावर खालच्या बाजूला एक स्टिकर असतं, त्यावर टायरची साइझ आणि पुढच्या-मागच्या चाकांचा हवेचा आकडा. काही गाड्यांत पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतं. नाहीच सापडलं तर ओनर्स मॅन्युअल, आणि तेही नसेल तर कंपनीच्या साइटवर पीडीएफ मिळते. टायरवाल्याला विचारून आकडा घेऊ नका, तो सगळ्यांना एकच सांगतो.

स्टिकरवर लोक तीन ठिकाणी चुकतात.

एक, युनिट. किलोपास्कल, बार आणि पीएसआय शेजारी शेजारी छापलेले असतात. १०० किलोपास्कल म्हणजे १ बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय. म्हणजे २३० किलोपास्कल किंवा २.३ बार म्हणजे ३३ पीएसआय. पंपाच्या मशीनवर पीएसआय लावलेलं आहे की बार, ते आधी बघा.

दोन, लोड. एक रकाना दोन-तीन माणसांचा आणि दुसरा फुल लोडचा. चित्र असतं, माणसांचे आकार आणि बॅगा. रोज एकटे ऑफिसला जाता तर पहिला रकाना, पाच जण आणि डिकी ठासून गणपतीला कोकणात निघालात तर दुसरा. बहुतेक गाड्यांत दुसऱ्या रकान्यात मागचा आकडा जास्त वाढतो, पुढचा थोडाच किंवा तेवढाच.

तीन, पुढचं आणि मागचं सारखंच असतं असं धरून चालणं. बऱ्याच गाड्यांत नसतं.

बाहेरून सीएनजी किट बसवलेलं असेल तर स्टिकर पेट्रोल गाडीचंच राहतं, पण सिलिंडरचं वजन डिकीत कायमचं येऊन बसलेलं असतं. अशा गाडीला मागच्या टायरला मी तरी फुल लोडचाच आकडा ठेवीन.

तपासा: पुढचा, मागचा आणि फुल लोडचा, तिन्ही आकडे मोबाईलमध्ये लिहिले का? स्टिकरचा फोटोच काढून ठेवा, पंपावर कामी येतो.

टप्पा ३: टायरची भिंत वाचा

समजा टायरवर लिहिलंय १८५/६५ आर१५ ८८एच. १८५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, ६५ म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, आर म्हणजे रेडियल, १५ म्हणजे रिम इंचात. ८८ हा लोड इंडेक्स, म्हणजे एक टायर ५६० किलो पेलतो. एच म्हणजे ताशी २१० पर्यंत चालेल असा, टी असेल तर १९०, एस असेल तर १८०. एवढ्या वेगात कोण जातंय म्हणून ते अक्षर सोडून देऊ नका, टायर उष्णता किती सहन करतो त्याचाच तो अंदाज असतो. स्टिकरवरच्या साइझशी हे सगळं जुळवा. टायर बदलताना लोड इंडेक्स खाली जाता कामा नये, दुकानदार "स्टॉकमध्ये हेच आहे" म्हणाला तरी.

आता सगळ्यात मोठी चूक. टायरवर बारीक अक्षरात "मॅक्स प्रेस" असं लिहिलेलं असतं, ४४ किंवा ५१ पीएसआय वगैरे. ही त्या टायरची वरची हद्द आहे, तुमच्या गाडीचा आकडा नाही! तोच टायर चार वेगवेगळ्या गाड्यांना बसतो, टायर कंपनीला काय माहीत तुमची गाडी किती जड आहे ते. हा आकडा वाचून हवा भरणारे लोक आहेत, आणि मग गाडी खड्ड्यात टणाटण उडते, टायर मधोमध झिजतो आणि पावसात ब्रेक मारला की पकड कमी मिळते.

यानंतर तारीख. डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडच्या शेवटी चार आकडे असतात, बहुतेक वेळा लांबट गोलात. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा, म्हणजे जूनची सुरुवात. हे चार आकडे पुष्कळदा टायरच्या एकाच बाजूला असतात आणि नेमकी ती बाजू आत गेलेली असते, मग स्टिअरिंग पूर्ण वळवून टॉर्च मारून बघा.

टप्पा १ मधली बनवल्याची तारीख इथे कामाला येते. नव्या गाडीवर आलेल्या टायरची तारीख गाडीच्या तारखेच्या थोडी आधीची असते. सेकंड हँड गाडी २०२१ ची, मीटरवर २२ हजार किलोमीटर, आणि चारही टायर २०२४ चे असतील तर विचारा की एवढ्या कमी रनिंगला टायर का बदलले. उत्तर कधी खरंही असतं, पण मीटर मागे फिरवलेला असण्याची शक्यता डोक्यात ठेवा. उलट टायर गाडीपेक्षा दोन-तीन वर्षं जुने निघाले तर कुणीतरी दुसऱ्या गाडीचे टायर टाकून विकतोय.

झीज बघायला टीडब्ल्यूआय ही अक्षरं किंवा छोटा त्रिकोण शोधा, त्याच्या रेषेत खाचेच्या तळाशी एक उंचवटा असतो. रबर त्या उंचवट्याला टेकलं म्हणजे खाच १.६ मिलिमीटर उरली, आणि कारसाठी कायद्याची हद्दही तीच. बाणाचं चिन्ह असेल तर चाक त्याच दिशेने फिरलं पाहिजे, "आउटसाइड" लिहिलेली बाजू बाहेरच हवी.

> सावधान: भिंतीवर फुगा आलेला असेल, किंवा कापल्यावर आतले धागे दिसत असतील, तर पुढचे टप्पे त्या टायरला लागू नाहीत. हवा भरत बसू नका, टायर बदला.

टप्पा ४: थंड टायरवर मोजा

स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो. थंड म्हणजे गाडी किमान तीन तास उभी, किंवा फार तर दीड-दोन किलोमीटर हळू चाललेली. चालून गरम झालेल्या टायरमध्ये प्रेशर सहज ३-५ पीएसआयने वाढलेलं दिसतं, ते तसंच असायला हवं.

हवामानाचंही बघा, दर १० अंशांना साधारण दीड पीएसआयचा फरक पडतो. डिसेंबरात नाशिकला पहाटे १० अंश आणि दुपारी ३० असताना त्याच टायरचा आकडा ३ पीएसआयने हलतो, कुणी हात न लावता. म्हणून मे महिन्यात भरलेली हवा थंडीत दिवा लावते आणि लोकांना वाटतं पंक्चर आहे.

घाट चढून वर गेलात तरी गेज फसवतं. महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर, तिथे बाहेरच्या हवेचा दाब कमी असल्याने गेज सुमारे २ पीएसआय जास्त दाखवतं, आणि थंडीने तेवढंच कमीही होतं. वर दोन दिवस राहणार असाल तर काही करू नका.

मोजताना असं करा:

१. कॅप काढा, खिशात टाका, जमिनीवर नको.
२. व्हॉल्व्हचं तोंड फडक्याने पुसा, माती आत गेली की पिन नीट बसत नाही.
३. गेज सरळ, एका झटक्यात दाबा. "फुस्स" एवढाच छोटा आवाज यायला हवा, लांबलचक आवाज येत असेल तर गेज तिरकं बसलंय आणि आकडा चुकीचा आहे.
४. दोनदा मोजा. दोन्हींत एकापेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा.
५. चारही लिहा, आणि स्टेपनी. हो, स्टेपनीसुद्धा!

स्टेपनी बाकीच्यांपेक्षा बारीक असेल तर तिच्यावर वेगळा आकडा छापलेला असतो. अगदी अरुंद, तात्पुरत्या वापराच्या स्टेपनीला बरेचदा ६० पीएसआय लागतात, आणि ती लावून ८० च्या वर जायचं नसतं. तिला ३३ भरून ठेवलेली असते आणि ऐन वेळी ती दबलेली निघते.

> सावधान: गरम टायरमधून हवा काढू नका. हायवेवर थांबून "३८ दाखवतंय" म्हणून ३३ वर आणलीत तर थंड झाल्यावर ती २८-२९ होईल. कमी हवेचा टायर भिंतीत जास्त दुमडतो, त्याने तापतो, आणि समृद्धीसारख्या १२० च्या सिमेंट रस्त्यावर तासभर तसाच पळवला तर फुटण्याकडेच चाललेला असतो.

टप्पा ५: हवा भरा, या क्रमाने

घरी इन्फ्लेटर असेल तर सोपं आहे. इंजिन चालू ठेवून (बंद गॅरेजमध्ये नाही), एकेक टायर आकड्यापर्यंत भरा, १-२ पीएसआय जास्तच भरा, मग स्वतःच्या गेजने मोजत मोजत खाली आणा. इन्फ्लेटर गरम होतो, दोन टायरनंतर थोडं थांबा.

पंपावर जावं लागत असेल तर टायर वाटेत गरम होणार, मग थंड आकडा कसा साधायचा? फरकाचा हिशोब धरा. समजा घरी सकाळी मोजलं तेव्हा २९ होते आणि पाहिजेत ३३, म्हणजे ४ कमी. पंपावर पोचून परत मोजलं तर ३१ दाखवतंय. मग ३१ अधिक ४, म्हणजे ३५ भरा. ३३ वर थांबलात तर दोन पीएसआय कमीच राहिले.

पंपाच्या मशीनवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, नळी दिवसभर आपटत असते. त्याने भरलं की कॅप लावायच्या आधी आपलं गेज लावा, फरक निघाला तर आपल्या गेजचं खरं मानून परत भरायला सांगा. तो तोंड वाकडं करेल, करू दे. आणि हवा फुकट असते, पैसे द्यायलाच हवेत असं काही नाही.

नायट्रोजनचं विचाराल तर साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच आहे. कोरडा गॅस असतो म्हणून प्रेशर जरा स्थिर राहतं, पण महिन्याला मोजणं त्याने चुकत नाही. नायट्रोजन भरलेल्या टायरमध्ये साधी हवा टाकली तरी काहीही बिघडत नाही, कमी हवेवर नायट्रोजनचं दुकान शोधत फिरणं हे जास्त धोक्याचं.

तपासा: प्रत्येक व्हॉल्व्हच्या तोंडावर साबणाच्या पाण्याचा थेंब. (टायरवाले थुंकी लावतात, तत्त्व तेच.) बुडबुडा फुगला तर पिन लीक आहे, पिन किल्लीने घट्ट होते नाहीतर बदलून मिळते, स्वस्तातलं काम आहे. मगच कॅप.

टप्पा ६: टीपीएमएस, आता रिसेट करा

हा टप्पा सहावाच आहे, पहिला नाही. पिवळा दिवा लागला, मेनूत जाऊन रिसेट मारला, दिवा गेला, खूश! असं करणाऱ्याने गाडीला सांगितलंय की २६ हेच बरोबर आहे. आता ती २६ च्या खाली बरंच जाईपर्यंत गप्प बसेल.

तुमच्या गाडीत कुठला प्रकार आहे ते आधी बघा. स्क्रीनवर चारही चाकांचे आकडे दिसत असतील तर प्रत्येक चाकात सेन्सर आहे. आकडे न दिसता नुसता दिवाच लागत असेल तर बहुतेक एबीएसच्या (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरवरून अंदाज काढणारी सिस्टम असते: हवा कमी झालेलं चाक थोडं लहान होतं, म्हणून जास्त वेगाने फिरतं, ते ती पकडते. चारही टायरची हवा महिनोन्महिने सारखीच उतरत गेली तर हिला कळणं अवघड. म्हणून अशा गाडीत गेजला सुट्टी नाही, आणि प्रत्येक वेळी हवा भरल्यावर रिसेट करणं गरजेचं. रिसेटनंतर काही किलोमीटर चालवल्यावर ती शिकते.

सेन्सरवाल्या गाडीत टायर बदलायला गेलात तर मशीनवर चाक चढवायच्या आधीच सांगा की व्हॉल्व्हमागे सेन्सर आहे. टायर उचकटताना तो तुटतो आणि मग "आधीच तुटलेला होता" हे ऐकायला मिळतं. चाकं पुढे-मागे बदलली तर स्क्रीनवरच्या जागाही जुळवून घ्याव्या लागतात, नाहीतर डावं मागचं बसलंय आणि तुम्ही उजवं पुढचं तपासताय. गाडी चालू करताना दिवा मिनिटभर लुकलुकून मग स्थिर राहत असेल तर बऱ्याच गाड्यांत तो हवेचा नाही, सिस्टमच्या बिघाडाचा इशारा असतो. सेन्सरमधली बॅटरी संपलेली असू शकते, आणि ती बहुतेक सेन्सरमध्ये बदलता येत नाही, अख्खा सेन्सरच घ्यावा लागतो.

बाहेरून लावायचे कॅपवाले सेन्सर चांगले आहेत, पण त्यांचं एक समजून घ्या: कॅप सेन्सर व्हॉल्व्हची पिन कायम दाबून ठेवतो. म्हणजे हवा अडवायचं काम आता त्याच्या छोट्या रबरी वॉशरवर आलं. वॉशर वाकडा बसला तर रात्रीतून टायर बसतो. म्हणून लावल्यावर साबणपाणी मारा, आणि दुसऱ्या दिवशी परत. व्हॉल्व्हचं रबर चिरलेलं असेल तर आधी व्हॉल्व्ह बदला, कारण सेन्सरचं वजन वेगात त्याला बाहेर ओढतं. आणि लॉकनटचा (कॅप सेन्सर घट्ट धरणाऱ्या नटाचा) छोटा पाना गाडीतच ठेवा, पंक्चरवाल्याला तो लागतो.

अलार्म असा ठेवा: थंड आकडा ३३ असेल तर खालची हद्द २८-२९, वरची ४१-४२. वरची ३६ ठेवलीत तर हायवेवर दर वेळी बोंबलेल, तुम्ही वैतागून बंद कराल.

> सावधान: २०२० पासून नियम असा आहे की साडेतीन टनापर्यंतच्या गाडीत ट्यूबलेस टायर, टीपीएमएस आणि पंक्चर किट असेल तर कंपनीने स्टेपनी दिलीच पाहिजे असं नाही. तुमच्या गाडीत स्टेपनी आहे का ते आज डिकी उघडून बघा, घाटात नको. आणि किटमधलं द्रव वापरलं तर पंक्चरवाल्याला तसं सांगा, टायरच्या आत ते पुसायला लागतं आणि सेन्सरचं भोकही त्याने बुजू शकतं.

टप्पा ७: पुढचं वेळापत्रक, आणि हवा वारंवार उतरत असेल तर

महिन्यातून एकदा, आणि लांब जायचं असेल तर आदल्या दिवशी नको, त्याच सकाळी. ठीकठाक टायरमधूनही महिन्याला एखाद पीएसआय जातोच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. चारही सारखे उतरले असतील तर कारण हवामान किंवा मधे गेलेले दिवस. एकच टायर आठवड्यात २-३ ने उतरत असेल तर गळती आहे, मग या क्रमाने शोधा: आधी व्हॉल्व्ह, मग रबरात रुतलेला खिळा (दिसला तरी लगेच उपटू नका, पंक्चरवाल्याकडे पोचेपर्यंत तोच बूच आहे), आणि शेवटी रिमची कड. समुद्राजवळच्या गाड्यांत, रत्नागिरी-अलिबागपासून गोव्यापर्यंत, लोखंडी रिमची कड गंजून टायर तिथे नीट बसत नाही आणि हवा झिरपत राहते. पंक्चरवाला पाण्यात टायर बुडवून "काही नाही" म्हणतो, कारण तो खिळा शोधत असतो. त्याला सांगा की कडेवर बुडबुडे बघ, आणि निघालेच तर टायर उतरवून, कड ब्रशने घासून परत बसव.